सीसी खातं लिमिटच्या वर गेलं म्हणून लागलेला दंड : आधी दिवसवार हिशोब मागा

तुमचं वाचलं आणि माझ्या कुपवाडच्या शेडमधलं ते वर्ष आठवलं. १० लाखांची कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत हवे तेव्हा काढता-भरता येणारं धंद्याचं कर्ज), महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्याज पडलं, खातं ९ हजारांनी वर गेलं, पाचव्या दिवशी तुम्ही पैसे भरले. तरी दंड लागला, वर १८ टक्के जीएसटी, आणि शाखेत विचारलं तर "सिस्टीमने लावलंय, आमच्या हातात नाही." हे शेवटचं वाक्य मी इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी वकील नाही, सीए नाही. फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. तुमचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं त्याच्याशी ताडून बघा.

व्याज बँकेनेच टाकलं आणि त्यामुळे खातं वर गेलं, म्हणून दंडच चुकीचा, असं तुम्ही म्हणताय. माझ्या मते हा मुद्दा तुमच्या बाजूचा सर्वांत कच्चा मुद्दा आहे. व्याजापुरती जागा खातेदाराने ठेवायची, हे बहुतेक करारात असतं. त्यावर भांडलात तर पहिल्याच पत्राला ते करारातलं कलम दाखवतील आणि विषय संपेल. भांडायचं ते दंड किती, कशावर आणि कळवून लावला का, यावर.

आकडा मांडून बघा. दंडाचा दर वर्षाला २ टक्के धरू. वर गेलेल्या ९ हजारांवर पाच दिवसांचा दंड होतो अडीच रुपये. तोच दर सगळ्या १० लाख ९ हजारांवर लावला तर पावणेतीनशेच्या आसपास जातो. आणि सरसकट ठरावीक रक्कम लावली असेल तर गोष्टच वेगळी. तुम्हाला लागलेला आकडा यातल्या कोणत्या हिशोबात बसतो, ते आधी काढा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला दंडाबाबत परिपत्रक काढलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुन्या कर्जांसाठी ३० जून २०२४ पर्यंतची मुदत होती. त्यात दंडव्याज, म्हणजे व्याजदरातच वाढवून लावलेला दंड, बंद करून फक्त वेगळा दंड-आकार ठेवला. तो वाजवी आणि जेवढी चूक तेवढाच असावा, त्यावर पुन्हा व्याज लावू नये, त्याची रक्कम आणि कारण करारात स्पष्ट असावं, आणि दंड लावला की तो का लावला हे कर्जदाराला कळवावं, असं म्हटलंय. परतफेड थकली तर दंड थकलेल्या रकमेवरच लावायचा, हे नंतरच्या प्रश्नोत्तरांत आणखी स्पष्ट केलंय.

जीएसटीबद्दल तर वादच नको. रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली लावलेल्या दंडावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात केला आहे. मात्र उताऱ्यावर ती रक्कम 'पीनल' म्हणून आहे की 'सर्व्हिस चार्ज' म्हणून, ते नीट वाचा. सेवाशुल्क असेल तर जीएसटी लागतो. दंडालाच सेवाशुल्काचं नाव दिलं असेल, तर तोच तक्रारीचा मुद्दा.

आता माझं सांगतो, कारण ज्यामुळे माझं सर्वांत जास्त नुकसान झालं ते तुमच्याही वाट्याला येऊ शकतं.

माझं खातं सँक्शन लिमिटच्या वर कधी गेलंच नव्हतं. ते गेलं डीपीच्या, म्हणजे ड्रॉइंग पॉवरच्या वर; शिल्लक माल बघून बँक प्रत्यक्षात जितकं काढू देते तो आकडा. महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, मी वेळेत देत होतो, मेलवरही आणि शाखेत कागदावरही. पण कर्जाचं काम शाखेकडून काढून दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रीय कार्यालयाकडे दिलं होतं, आणि तिथे माझी स्टेटमेंटं कुणी चढवलीच नाहीत. सिस्टीमने डीपी खाली आणला. माझ्या हिशोबाने लिमिट शिल्लक, बँकेच्या हिशोबाने खातं ओव्हर. लोखंडी पत्रे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला माझा चेक परत गेला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

शाखा म्हणायची, आम्ही वर पाठवलंय. वरचं कार्यालय फोन उचलायचं नाही, उचललं तर म्हणायचं शाखेतून आलंच नाही. तिथे नाव सांगणारा माणूस नाही, खिडकी नाही, आवक शिक्का नाही. एका कार्यालयाच्या टेबलावरचा कागद दुसऱ्या कार्यालयाच्या संगणकात जात नाही आणि त्याचा दंड तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून, दर महिन्याला. याची मला आजही चीड येते. छोट्या कारखानदाराचा दिवस असा फोनवर गेला की तो दिवस कामातून गेलेला असतो. त्याचा हिशोब कुठल्याही परिपत्रकात नाही. दंडाचे पैसे पुढे परत मिळाले, पण त्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली ती केलीच. पुढचं पूर्ण वर्ष रोखीने माल घेतला.

गाडं हललं ते एका पत्राने. दंड माफ करा असं त्यात कुठेही नव्हतं. फक्त माहिती मागितली होती: या काळात रोज डीपी किती होता, रोज खातं त्याच्या वर किती होतं, दंड कोणत्या रकमेवर, कोणत्या दराने, करारातल्या कोणत्या कलमाखाली, आणि मला कळवलं केव्हा. सोबत स्टेटमेंट पाठवल्याच्या मेलच्या तारखा. एवढं त्यांना कागदावर लिहायला लागल्यावर तफावत त्यांच्याच तक्त्यात दिसली आणि दंड उलटा जमा झाला.

म्हणून माझं ठाम मत: माफी मागून सूट घेऊ नका. "या वेळी साहेबांना सांगून निम्मा करून देतो" हा प्रस्ताव बहुतेक येईल. घेतलात तर चूक तुमची होती असा अर्थ निघतो, आणि मूळ कारण तसंच राहून पुढच्या तिमाहीत तोच दंड पुन्हा येतो. काहींना हे पटणार नाही. रक्कम अगदीच किरकोळ असेल आणि शाखाधिकारी भला माणूस असेल तर तुम्ही ठरवा.

पत्र शाखेत द्या, प्रतीवर पोच घ्या, आणि तेच मेलने बँकेच्या तक्रार कक्षाकडे पाठवून तक्रार क्रमांक घ्या. 'तुमची तक्रार निकाली काढली आहे' असा एसएमएस उत्तर न देताच येतो. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, तो पुढे उपयोगी पडतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे आधी लेखी तक्रार न करता थेट गेलात तर ती फेटाळली जाते, आणि वकिलामार्फत केलेलीही चालत नाही, स्वतःच करा. लिमिट वाढवून द्या असलं काही त्यात घुसडू नका, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो. नुसता दंडाचा हिशोब ठेवा.

ग्राहक आयोगात जा असा सल्ला कुणी देईल. धंद्याच्या खात्यासाठी मी तो देणार नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओव्हरड्राफ्ट घेतलेल्या एका शेअर दलालाला ग्राहक मानायला नकार दिला होता, कारण कर्ज व्यावसायिक हेतूसाठी होतं. तुमचं प्रकरण वेगळं ठरूही शकेल, पण एवढ्या रकमेसाठी त्या वाटेला का जा.

तुमचं खातं पतसंस्थेत असेल तर यातलं रिझर्व्ह बँकेचं काहीच लागू नाही. तिथे तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी जावं लागतं. नागरी सहकारी बँक असेल तर ती लोकपालाच्या कक्षेत येते का ते आधी बघा, लहान बँका त्यातून सुटतात.

अजून एक. खातं सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा डीपीच्या वर राहिलं तर ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, आणि ३० दिवसांच्या पुढे गेलं की एसएमए-१ मध्ये, म्हणजे थकण्याच्या वाटेवरच्या खात्यांत, नोंद होते. तुमचे पाच दिवस त्यात येत नाहीत, तेव्हा कुणी तशी भीती घातली तर घाबरू नका. पण भांडण चालू असताना खातं वर राहू देऊ नका. दंडाची रक्कम वादात ठेवूनही भरता येते; पत्रात 'हक्क राखून भरत आहे' एवढं लिहा.

आणि ११-१२ टक्के दराने पूर्ण वापरलेल्या लिमिटवर महिन्याचं व्याज साधारण एक टक्का येतं. तेवढी जागा २५ तारखेनंतर मोकळी ठेवायची. मालाच्या विम्याचा हप्ताही बँक परस्पर टाकते, त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सँक्शन लेटरमधला दंडाचा परिच्छेद आणि त्या महिन्याचा उतारा, खाते क्रमांक झाकून, पाठवलात तर दंड नेमका कशावर लावलाय ते आकडे मांडून सांगेन.