राजकोटचा पुतळा बघायचाय, पण बाबांचे गुडघे...

प्रश्न: आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. बाबांना मालवणला राजकोटचा शिवाजी महाराजांचा नवा पुतळा बघायचाय. शेजारी विचारतात, राजकोटला दरिया कधी आला! आई म्हणते एकदा पडलाय तो, कशाला जायचं. बाबांचे गुडघे दुखतात, मग होडीने सिंधुदुर्गात न्यावं की पुतळा बघून परत यावं? दिवाळीत जमेल का?

उत्तर: ताई, शेजाऱ्यांना सांगा हा राजकोट म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरचा छोटा किल्ला, सौराष्ट्राशी संबंध नाही. आई बोलल्या त्यात खोटं काही नाही, 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनाला उभा केलेला पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला पडला, वर्षसुद्धा झालं नव्हतं. आत्ताचा वेगळा आहे, ब्राँझचा, 60 फुटी, तलवार आणि चौथरा धरला तर नव्वदीच्या पुढे जातो, मे 2025 मध्ये खुला झाला. केवडियाचा सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा ज्यांनी घडवला त्या राम सुतारांकडचंच हे काम, पण तिथल्यासारखं लिफ्टने वर जाणं इथे नाही, खालूनच मान वर करून बघायचं.

आता खरं सांगू का, एवढं बघून परत फिरलात तर माझ्या मते फेरी अर्धीच झाली. पुतळा आरमाराच्या मानासाठी, पण ते आरमार काय होतं ते समोर पाण्यात दिसतं! कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला सिंधुदुर्गाचा मुहूर्त झाला, पायात शिसं ओतलं, 1667 पर्यंत किल्ला उभा. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठेय ते कळत नाही, दोन बुरुजांच्या आड लपवलाय. आत दूध, दही, साखर अशा नावांच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिरही तिथेच, बाबांनी तिथपर्यंत सावकाश जावं आणि मस्त बसावं, तटावर तुम्ही चढा.

गुडघ्यांना त्रास होतो तो होडीत चढता-उतरताना, कारण ती सतत हलत असते, तेव्हा दोघांनी दोन्हीकडून धरा. दिवाळीत जमेल पण गर्दी फार असते, मी तर डिसेंबर-जानेवारीच म्हणेन आणि सकाळीच, नंतर दगड तापतो. पावसाळ्यात होड्या बंद.

मालवणला रेल्वे नाही, कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी नाहीतर रिक्षा. वडोदऱ्याहून जाणारी गाडी तिथे थांबते का ते बघूनच तिकीट काढा आणि लवकर काढा. आणि हो, होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, एवढंसं तर अंतर आहे म्हणून लोक टाळतात, बाबांचं ऐकू नका.