मोडशी आणि फ्रेंचांचे ‘कुत्र्याचे मरण’

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या आजी पोट बिघडले की ‘मोडशी झाली’ म्हणतात. कॉलऱ्याचा इतिहास वाचताना त्यांना या रोगाचे जुने फ्रेंच नाव सापडले, ‘मॉर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण. तर आपली मोडशी त्या फ्रेंच नावावरून आली का, आणि मोडशी म्हणजे कॉलराच का?

शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला आहे. मोडशी आपली आणि ‘मोडणे’ या क्रियापदातून आलेली. तापाआधी अंग मोडून येते, उलट्याजुलाबांनी माणूस पार मोडून पडतो, तीच ही मोड. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी आपल्या लोकांच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि कानाला पडला तसा लिहिला. गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 साली गोव्यात आला. त्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात तो सांगतो की इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. शब्द कुठून घेतला याची अशी कबुली त्याच काळातली, छापलेली मिळावी, हे भाग्यच!

‘ड’चा ‘र’ कसा झाला, हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. पोर्तुगीजात आपला ‘ड’ नाही. म्हणून पेडण्याचे ‘पेर्नेम’ झाले, ते आजही बसच्या पाटीवर दिसते. ‘मोर्देशी’त तर ‘र’ आणि ‘द’ शेजारीशेजारी आहेत. एका अक्षरात मावेना तो उच्चार त्यांनी दोन अक्षरांत पकडायचा प्रयत्न केला, असे मला वाटते. पुढे शब्दाच्या शेवटी ‘म’ चिकटून ‘मोर्देशिम’ झाले, तेही पणजीच्या ‘पंजिम’सारखेच. हे रूप फ्रेंचांच्या कानी गेले तेव्हा त्यांना त्यात आपल्याच भाषेतले तीन शब्द ऐकू आले. अनोळखी शब्दाला ओळखीचा अर्थ चिकटवायची ही खोड सगळ्याच भाषांना असते. मराठीत ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ हा वाक्प्रचार असल्यामुळे आपल्यालाही तो अर्थ चटकन पटतो, एवढेच. कुत्र्याचा या रोगाशी काही संबंध नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे मला जास्त सावधपणे बोलायला हवे. 1543 मध्ये गोव्यात मोडशीची मोठी साथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा याने एका मृताचे पोट फाडून बघायला लावले. बाकी काही बिघडलेले दिसले नाही, फक्त जठर कोंबडीच्या पोटातल्या दाणे दळणाऱ्या पेषणीएवढे आक्रसलेले आणि होरपळलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले होते. मरण कशाने आले हे समजून घ्यायला शरीर उघडून पाहायचे, ही जिज्ञासा पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या गोव्यात दाखवली गेली, याचे मला फार अप्रूप वाटते. वर्णन कॉलऱ्याशी जुळते. पण जंतू कोणी पाहिला नव्हता. तो इटलीच्या पाचिनी या शास्त्रज्ञाने 1854 मध्ये फ्लोरेन्सला पाहिला आणि जर्मन शास्त्रज्ञ कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात रोगाशी पक्का जोडला. मोडशी हे लक्षणांचे नाव आहे, कॉलरा हे एका जंतूच्या रोगाचे. घरगुती बोलण्यात अजीर्णापासून जोरदार उलट्याजुलाबांपर्यंत सगळे मोडशीत मावते. आजींची मोडशी बहुतेक वेळा अजीर्णाचीच असणार.

ओर्ताच्या त्याच प्रकरणात आणखी एक शब्द आहे, ‘कांजे’. इथले लोक या रोग्याला मिरी-जिरे घातलेले भाताचे पाणी पाजतात, असे तो लिहितो. आपली पेजच ती! कॉलऱ्याचे विष आतड्यातून पाणी आणि क्षार बाहेर ओतायला लावते. 1959 मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून ते विष दाखवून दिले. पण ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत नेणारी वाट या विषाने बंद होत नाही, आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच वाटेच्या बळावर. भातातला स्टार्च आतड्यात ग्लुकोज होतो, त्यामुळे पेजेला ही वाट मोकळीच. मात्र तिच्यात मीठ हवे, आणि ओर्ताने मिठाचा उल्लेख केलेला नाही. म्हणून पेज म्हणजेच ओआरएस, म्हणजे ते मीठ-साखरेचे पाणी, असे मी म्हणणार नाही. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले तर ओआरएसचे पाकीट फोडून पाजायला लागावे आणि दवाखाना गाठावा.

वापराचे म्हणाल तर, आजच्या रोगाबद्दल लिहिताना ‘कॉलरा’ किंवा ‘पटकी’ लिहावे. सोळाव्या शतकातल्या गोव्याचा मजकूर मराठीत आणताना मात्र ‘मोडशी’च ठेवावे, तिथे ‘कॉलरा’ लिहिले की मूळ लेखकाला माहीत नसलेले निदान आपण त्याच्या माथी मारतो. आणि डॉक्टरांशी बोलताना ‘मोडशी झाली’ एवढ्यावर थांबू नये. जुलाब किती झाले, कसे झाले, लघवी होते का, हेही सांगावे.