कॉलेजच्या मुक्त सॉफ्टवेअर गटासाठी खाजगीपणा जपणारं साधन कोणतं, मॅस्टोडॉन की टेलिग्राम?

तुमच्या गटात निम्म्या मुली आहेत असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

2019 साली पुण्यात आम्ही इन्स्टॉलफेस्ट, म्हणजे लोकांच्या लॅपटॉपवर मुक्त सॉफ्टवेअर बसवून द्यायचा कार्यक्रम, घेतला होता. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जुना लॅपटॉप घेऊन आली. डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) बसलं, पण वायफाय काही लागेना. फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवरून घालण्यात दीड तास गेला. पडद्यावर नेटवर्कांची यादी उमटली तशी ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. जाताना भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून आमच्या ग्रुपमध्ये आली. ॲप फोन नंबरवर चालणारं, ग्रुपमध्ये 180 माणसं, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसायचे. त्याच रात्री साडेअकरापासून तिला अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. सकाळी मला मेसेज आला, "दादा, मी ग्रुप सोडलाय. नंबर पण बदलतेय." ती परत कधी आली नाही.

त्याआधी सहा महिने एक्सएमपीपीवर (कोणालाही स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी गप्पांची खुली पद्धत) जाऊया म्हणून मी प्रत्येक बैठकीत घसा कोरडा करत होतो. आमच्यातल्या एका ज्येष्ठ मित्राचं एकच पालुपद होतं, "लोक जिथे आहेत तिथेच जायला हवं." अरे, लोक तर विंडोजवर पण आहेत! त्यांना तिथून हलवायलाच आपण रविवार घालवतो ना?

टेलिग्राम नकोच. ॲपचा कोड खुला असला तरी सर्व्हरचा बंद आहे, आणि ग्रुपमधलं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येईल असं कुलूपबंद नसतं. मॅस्टोडॉन, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारं ट्विटरसारखं मुक्त माध्यम, चांगलं आहे, पण चारचौघांत बोलायला: कार्यक्रम जाहीर करा, फोटो टाका. आपापसातल्या गप्पांसाठी मॅट्रिक्स (तशीच दुसरी खुली पद्धत) किंवा एक्सएमपीपी घ्या. फोन नंबर न मागणारे सर्व्हर दोन्हींत मिळतात. माझं मत विचाराल तर एक्सएमपीपी. 1999 पासून चालत आलंय आणि साध्या फोनवरही हलकं चालतं.

हां, थोडं जपून. मॅस्टोडॉनवरचे खाजगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात. तिथलं खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. मॅट्रिक्सची रिकव्हरी की (कुलूपबंद मेसेज परत उघडायची किल्ली) हरवली आणि दुसरीकडे कुठे लॉगिन नसेल, तर जुने मेसेज गेले म्हणून समजा. स्वतःचा सर्व्हर उभारणार असाल तर तो सांभाळायला दोघं तरी हवेत, एकट्यावर टाकू नका. अगदीच घाई असेल तर सिग्नल हे मेसेजिंग ॲप चालेल. नोंदणीला नंबर लागतो, पण 2024 पासून यूजरनेम घेऊन तो इतरांपासून लपवता येतो.

त्या मित्राशी माझा वाद अजून मिटलेला नाही. इन्स्टॉलफेस्टच्या नोंदवहीतला मोबाईल नंबरचा रकाना मात्र मी काढून टाकला.