माळ खुंटीला टांगता येत नाही : माळकऱ्यांचे प्रश्न

आषाढी जवळ आली की वारकऱ्यांची तुळशीची माळ घालणारे वाढतात आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. बरेचसे ऐकीव गोष्टींतून उपजलेले असतात. तरी उत्तरे देतो, कारण उगाच धास्ती घेऊन बसणारेही पुष्कळ आहेत.

माळ तुटली. काही अशुभ घडेल का?

नाही. दोरा झिजला की तुटतो. मणी वेचून पक्क्या दोऱ्यात ओवून घ्या.

सुतकात किंवा पाळीच्या दिवसांत माळ काढावी का?

काढू नये.

मोबाईलवर ‘सिद्ध केलेली’ माळ घरपोच मिळते. मागवू का?

मुळीच नको. माळ सिद्ध करून विकण्याची रीत संप्रदायात नाही. पंढरपुरात काशीकापडी समाजातली घरे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करतात, त्यांच्याकडून घ्या. सगळे मणी चकचकीत, एकसारखे असतील आणि पाण्यात रंग सोडत असतील, तर ती तुळस नव्हे. शंका वाटली तर जुन्या माळकऱ्याला दाखवा.

मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. एकादशी मोडली तर दोष लागेल का?

दोषाचे सोडा, आधी डॉक्टरांना भेटा. दशमीच्या रात्री नव्हे, याच आठवड्यात. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस कोसळतो. उलट साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर चढते. डॉक्टर नको म्हणाले तर वेळेवर जेवा आणि हरिपाठ म्हणा.

गावच्या जत्रेला घरात बोकड असतो. तेवढ्यापुरती माळ खुंटीला ठेवून दुसऱ्या दिवशी घातली तर चालेल का?

चालणार नाही. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला त्रास होतो. माळ घालताना काय झाले ते आठवा. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली होती. एका ज्येष्ठ वारकऱ्याने ती उचलून तुमच्या गळ्यात घातली आणि नियम सांगितले : मद्य-मांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, खोटे बोलायचे नाही, एकादशी, रोज हरिपाठ, वर्षातून एक तरी पंढरीची वारी. तुम्ही चार माणसांदेखत ‘होय’ म्हणालात. त्यात ‘जत्रा सोडून’ असे कुठे होते? वशाटाच्या ताटापुरती माळ उतरवणारा पुढे दारूपुरती उतरवतो, मग व्यवहारात खोटे बोलण्यापुरती. अशा माळकऱ्याकडे बघून घरातली पोरे काय शिकतील? जत्रेला जा, देवाला नारळ फोडा, पुरणपोळी खा. भाऊबंद रुसतील, चार वर्षांत सवय होईल. मन तयार नसेल तर माळ घालण्याची घाई करू नका. पण ‘निवृत्त झाल्यावर बघू’ म्हणत वीस वर्षे काढणारेही मला पटत नाहीत. आणि एकदा चूक झालीच असेल तर ज्यांच्या हातून माळ घातली त्यांच्याकडे जाऊन सरळ सांगा. ते वारले असतील तर त्यांच्या फडावर, म्हणजे ते ज्या वारकरी परंपरेतले होते तिथे, विचारा. शेजाऱ्याने सांगितलेले प्रायश्चित्त करू नका.

कांदा-लसूण चालतो का?

सरसकट बंदी नाही. चातुर्मासात पुष्कळजण सोडतात. तुमच्या फडाची रीत विचारा.

औषधाच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते असे ऐकले. औषध बंद केले आहे.

आवरणाबद्दल ऐकलेत ते बहुतेक कॅप्सूलच्या बाबतीत खरे आहे. तरी औषध आजच सुरू करा. तेच गोळीच्या रूपात मिळते का, ते डॉक्टरांना विचारा. मिळत नसेल तर कॅप्सूल घ्या.

वडिलांच्या वयाचे वारकरी माझ्या पाया पडतात. संकोच वाटतो.

तुम्हीही लगेच वाका.