दात पक्के बसले, तरी हात तोंडावर जातोच

कवळी सोडून इम्प्लांटचे, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवरचे, पक्के दात बसवलेल्यांची आणि बसवू पाहणाऱ्यांची पत्रे मला, दातांची डॉक्टर म्हणून, वर्षभर येत आहेत. सुरुवातीला चावण्याचे, खर्चाचे, दुखण्याचे प्रश्न असतात. खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत येते आणि ती बहुतेकदा मनाची असते. दवाखान्यात तिच्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. या वेळी तेवढीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : सतरा वर्षं मला कवळी होती. ह्यांनीसुद्धा मला कधी बिनदातांचं पाहिलं नाही. रात्री दिवा मालवल्यावर काढायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून लावायची. दोन महिन्यांपूर्वी वर-खाली पक्के दात बसले. सगळे म्हणतात, छान दिसतेस. मला मात्र उगाच रडू येतं, तोंड दुसऱ्याचं वाटतं. एवढा खर्च झाल्यावर हे कुणाला सांगू? (वय ६३, सातारा)

ताई, आधी एक सांगते. असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि यात कृतघ्नपणा मुळीच नाही.

तुमचे दात गेले तेव्हा तुम्हाला रडायला वेळ मिळाला होता का, आठवून पाहा. दात काढले, हिरड्या भरल्या, कवळीचं माप दिलं, आणि घरातले म्हणाले, 'सुटलीस एकदाची.' ब्रिटनमधल्या दंतवैद्यांनी सगळे दात गेलेल्या ५० जणांशी सविस्तर बोलून १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी जवळचं माणूस गेल्यासारखं दुःख सांगितलं, एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटल्याचं सांगितलं, आणि जोडीदारापासूनही ही गोष्ट लपवल्याचं सांगितलं. तुम्ही सतरा वर्षं हेच केलंत. लपवायचं काम संपलं की आत दाबलेलं वर येतं. माझ्याकडे पक्के दात बसल्यावर रडलेली कितीतरी माणसं आहेत, त्यांत गडी माणसंही आहेत.

'तोंड दुसऱ्याचं वाटतं' याला शरीरातलं कारणही आहे. आपल्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. भातातला बारीकसा खडा चटकन कळतो तो त्या पडद्यामुळे. इम्प्लांट थेट हाडाला जुळतो, तिथे हा पडदा नसतो. दाब कळतो तो हाडातून, स्नायूंतून आणि जबड्याच्या सांध्यातून, आणि ही नवी भाषा मेंदूला शिकायला काही महिने लागतात. शिवाय वरच्या कवळीने झाकलेली तुमची टाळू आता उघडी झाली आहे. एका आजींना पहिल्या दिवशी चहा दिला, तर घोट घेऊन त्या थांबल्या. जीभ टाळूला लावून बघितली, परत एक घोट घेतला, आणि म्हणाल्या, "गरम लागतो हो." चौदा वर्षांत चहा टाळूला लागलाच नव्हता. त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

हसताना तुमचा हात अजून तोंडावर जात असेल. जाऊ दे. पुष्कळांचा सहा-सहा महिने जातो. जमलं तर एखाद्या संध्याकाळी ह्यांना सांगा की इतकी वर्षं दिवा आधी का मालवत होतात. माझा अनुभव असा आहे की नवऱ्याला ते बहुतेक वेळा माहीत असतं, तो बोललेला नसतो.

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. ओठ ताणल्यासारखा वाटत असेल, दात लांब वाटत असतील किंवा चावताना एकच बाजू आधी लागत असेल, तर ते मनाचं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रडू दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं, झोप-भूक उडाली, माणसांत जावंसं वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे जायला दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

प्रश्न : पक्के दात रात्री काढून पाण्यात ठेवायचे का? (कराड)

स्क्रूने बसवलेले असतील तर ते तुम्हाला काढता येत नाहीत, प्रयत्नही करू नका. दोन इम्प्लांटवर बटणासारखी अडकणारी कवळी असेल तर ती रात्री काढून पाण्यातच ठेवायची. तुमचे कोणते आहेत, ते ज्यांनी बसवले त्यांना आजच फोन करून विचारा.

प्रश्न : गावच्या भजनी मंडळात मी चाळीस वर्षं गातो. कवळीत गळा कधी अडला नाही. पक्के दात बसल्यापासून 'स' शीळ घातल्यासारखा येतो आणि 'नाचू' म्हणताना जीभ अडखळते. आता मागे बसून नुसते टाळ वाजवतो. (वय ७०, भोर)

मागे बसू नका. 'नाचू', 'जहाज', 'झरा' यांतला च, ज, झ आपण मराठीत दातांच्या मागे जीभ टेकवून काढतो, 'चिमणी'तला तसा नाही. दातांची मागची बाजू बदलली की हेच वर्ण आणि 'स' आधी बिघडतात. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं पाठ म्हणा, हरिपाठ असेल तर उत्तमच. बहुतेकांचं चार-सहा आठवड्यांत जुळतं. त्यानंतरही शीळ राहिली तर दात आणि हिरडीमधली फट किंवा दातांची मागची जाडी तपासून घ्या, त्यात थोडाफार बदल करता येतो. जाताना टाळ घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर एक अभंग म्हणून दाखवा. 'एक, दोन, तीन' म्हणून त्यांना काही कळणार नाही.

प्रश्न : आईचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. आम्ही तिघं भावंडं मिळून तिला पक्के दात भेट द्यायचं ठरवलंय. एका ठिकाणी 'तीन दिवसांत दात, आयुष्यभराची गॅरंटी' असं पॅकेज आहे, आगाऊ रक्कमही भरली. आई म्हणते, 'माझी कवळी बरी आहे.' तिला कसं पटवावं? (ठाणे)

पटवू नका. आधी ऐका.

दर आठवड्याला एक तरी मुलगा किंवा मुलगी असं आई-वडिलांना घेऊन येते. मी मुलांना बाहेर बसायला सांगते आणि आजींना विचारते, कवळीचं काय खुपतं? कुणी म्हणतं, खालची हलते, शेंगदाणा अडकला की टोचते. कुणी म्हणतं, 'मला काहीच खुपत नाही, पण मुलांनी पैसे भरलेत.' या दुसऱ्या बाईच्या जबड्यात मी ड्रिल का घालू? भेट दिलेलं लुगडं आवडलं नाही तर कपाटात ठेवता येतं, हाडात बसवलेला स्क्रू ठेवता येत नाही.

आता त्या तीन दिवसांबद्दल. टायटॅनियम हाडाला जुळतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मध्ये सशांच्या हाडावर काम करताना लक्षात आलं. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले १९६५ मध्ये. मधली तेरा वर्षं त्यांनी वाट पाहिली. त्यांच्या पद्धतीत इम्प्लांटवर दात लावण्याआधी खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबत. त्या पहिल्या रुग्णाचे इम्प्लांट चाळीस वर्षांहून जास्त, त्याच्या मरणापर्यंत टिकले. आज काही रुग्णांत लगेच दात लावता येतात हे खरं आहे. हाड घट्ट असेल, इम्प्लांट पहिल्याच दिवशी पुरेसा आवळून बसला असेल, तर दोन-तीन दिवसांत दात लावतात, आणि मीही लावते. पण बहुतेक वेळा ते तात्पुरते असतात. जाहिरातीत 'तात्पुरते' हा शब्द नसतो. ठरावीक पद्धतीनं तिसऱ्या दिवशीच कायमचे दात देणारेही आहेत, पण ती प्रत्येक जबड्याची गोष्ट नाही. 'गॅरंटी' म्हणजे काय, तेही लेखी विचारा. स्क्रू बदलून मिळेल, की वरचे दात, की पुन्हा ऑपरेशन, आणि त्याचे पैसे कोण देणार?

मला त्या तात्पुरत्या महिन्यांची काळजी जास्त आहे, कारण ते मनाचेही महिने आहेत. साध्या प्लास्टिकच्या दातांत माणूस चार-सहा महिने जेवतो, बोलतो, लग्नाला जातो, आरशात बघतो. या काळात कळतं की दात फार पांढरे झालेत, ओठ फुगल्यासारखा दिसतो, किंवा नातू म्हणतो, 'आजी वेगळी दिसते.' तेव्हा बदलणं सोपं असतं. हे महिने गाळून घाईनं कायमचे दात दिले की नको असलेला चेहरा पक्का होतो. सातारच्या ताईंचं पत्र वर वाचलंत ना? त्यांना कुणी हा वेळ दिला होता की नाही, मला माहीत नाही. तुमच्या आईला तो मिळायला हवा.

आईंचं वय ऐंशीच्या पुढे आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी त्या आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेतात का? ही माहिती ऑपरेशनआधी डॉक्टरांना मिळालीच पाहिजे, या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड मरू शकतं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर बघावी लागते. मिशरी लावत असतील तर तेही लपवू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि पाच वर्षांनी हात थरथरू लागले किंवा विसरायला झालं, तर पक्क्या दातांखाली रोज बारीक ब्रश कोण फिरवणार, हे तिघा भावंडांनी आजच बोलून घ्या. तिथे घाण साचली की इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतं, आणि ते बराच काळ दुखत नाही.

आईंची खालची कवळी खरंच हलत असेल तर मधला मार्ग आहे. दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट वेगानं झिजतं, म्हणून तक्रार बहुधा खालचीच असते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून सांगितलं की ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्यांच्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी ही पहिली निवड असावी. ती काढून धुता येते, खर्च कमी, ऑपरेशन छोटं. पण हेही आई 'हो' म्हणाल्या तरच, आणि त्यांच्या फिजिशियनला विचारूनच. भरलेली रक्कम परत मागा. सोहळा कवळीतही होतो. त्या दिवशी पुरणपोळी दुधात कुस्करून द्या.

प्रश्न : शेजारी सांगतात, इम्प्लांटने मेंदूची नस दबते आणि पुढे एमआरआय करता येत नाही. खरं का? (नाशिक)

मेंदूशी इम्प्लांटचा संबंध नाही. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी एक नस असते, तिच्यापासून अंतर राखण्यासाठीच आधी स्कॅन करतात. टायटॅनियममुळे एमआरआय अडत नाही. चुंबकावर अडकणारी कवळी असेल तर ती काढून ठेवायची आणि तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगायचं. तुमच्या इम्प्लांटची कंपनी, मापं आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्या. ते देत नसतील तर का, ते विचारा.

प्रश्न : नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, काउंटरवर बसतो. इम्प्लांट जुळेपर्यंत दातांशिवाय राहावं लागेल या भीतीनं तीन वर्षं पुढे ढकलतोय. (वय ५८, लातूर)

तीन महिने बिनदातांचं राहावं लागत नाही. ऑपरेशननंतर बहुधा काही दिवस कवळी लावू देत नाहीत, मग आतून मऊ अस्तर लावून तीच कवळी वापरता येते. तेवढ्या दिवसांची रजा टाका. पुढे ढकलण्यात हाड झिजत राहतं आणि मग आधी हाड भरण्याचं वेगळं काम निघतं. येत्या आठवड्यात स्कॅनची वेळ घ्या.

प्रश्न : आतापर्यंत पाच कवळ्या केल्या, एकही बसली नाही. जीभ जळते, डॉक्टर म्हणतात काही दिसत नाही. शेताचा तुकडा विकून पक्के दात बसवायचं ठरवलंय. (सोलापूर जिल्हा)

जमीन विकू नका. निदान आत्ता तरी नाही.

पाचही कवळ्या पिशवीत घालून एखाद्या सरकारी दंत महाविद्यालयातल्या कृत्रिम दंत विभागात घेऊन जा. कवळ्या शेजारी शेजारी मांडल्या की उंची, चावा, जिभेला मिळालेली जागा यांत काय चुकत आलंय ते दिसतं. जीभ जळणं रक्त कमी असल्यानं, बी-१२ कमी असल्यानं, बुरशीनं, काही औषधांनी, तर कधी दीर्घकाळच्या चिंतेनं होतं. यातलं काहीही असलं तरी पक्क्या दातांनी ते जाईल असं नाही. आधी रक्त तपासा. तिथल्या डॉक्टरांनी मानसोपचार विभागात पाठवलं तर रागावू नका. 'सगळं मनाचंच आहे' असा त्याचा अर्थ नसतो, जळण्यावर तिथलीही काही औषधं चालतात. हे सगळं झाल्यावरही इम्प्लांट हवेत असं दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांनी सांगितलं, तर मग पैशांचा विचार करा.

प्रश्न : आता पक्के दात आहेत. जुनी कवळी टाकून द्यावी का? टाकवत नाही. (पुणे)

टाकू नका. तोंडात ती आता बसणार नाही, पण तुमच्या दातांची लांबी आणि ओठाला तिनं दिलेला आधार त्यात दिसतो. पुढच्या तपासणीला डबीत घालून घेऊन या, मी मापं लिहून घेईन.