‘कंडोन’ कोणी करायचं?

लंडनच्या साहेबाला तुम्ही ‘प्लीज कंडोन द डिले’ लिहिलंत आणि तो बुचकळ्यात पडला, हे वाचलं आणि मला माझ्या अर्जावरचं लाल वर्तुळ आठवलं.

शब्दकोशातलं ‘क्षमा करणे’ जरा बाजूला ठेवा. कंडोन म्हणजे चूक दिसत असूनही ती पोटात घालणं. म्हणून बोलण्यात तो बहुतेक नकारातच येतो: ‘वी डोन्ट कंडोन व्हायोलन्स’. तुमच्या साहेबाला वाटलं असणार, यानं नक्की केलंय तरी काय!

आपल्याला तो चिकटला कोर्टकचेरीतून. गंमत म्हणजे मुदतीच्या १९६३ च्या कायद्यातल्या कलम ५ मध्ये, ज्याच्या आधारे आपण उशीर ‘कंडोन’ करून मागतो, हा शब्दच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये मात्र आहे. तिथे अर्थ अगदी घरगुती: छळ पोटात घालून पुन्हा नांदायला लागणं.

आता माझा पराक्रम. वडिलांच्या जमिनीच्या अपिलाला १९ दिवस उशीर झालेला. वकिलाचे पैसे वाचवायला मीच इंग्रजीत अर्ज खरडला: ‘आय कंडोन द डिले ऑफ नाइन्टीन डेज’. म्हणजे उशीर माझा आणि पोटात घालणाराही मीच! त्या कार्यालयातल्या बाबूनं शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून अर्ज परत केला. काय चुकलं ते सांगेल तर शपथ. मी स्पेलिंग तपासलं, कागद बदलला, पुन्हा दिला. पुन्हा वर्तुळ. १९ चे ४७ दिवस झाले. शेवटी बाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टनं मान वर न करता विचारलं, “माफ तुम्ही करणार का साहेब करणार?” तोंडानं एक वाक्य सांगायला त्या बाबूचं काय जात होतं, मला अजून कळलेलं नाही.

माझं मत विचाराल तर असले अर्ज सरळ मराठीत लिहावेत. ‘विलंब माफ करावा ही विनंती’ लिहिताना असा घोळ घालायला खास हुशारी लागते. अर्थात मी वकील नाही. मुदतीचं काम असेल तर वकिलालाच गाठा.

आणि फी माफ करून हवी असेल तर ‘वेव्ह’ (waive), कंडोन नाही. ‘कंडोल’ तर कुणी वारल्यावर, सांत्वनासाठी. आमच्या ऑफिसात एकानं उशिराबद्दल तेच लिहिलं होतं.

साहेबाला ‘सॉरी फॉर द डिले’ एवढंच पाठवा.