‘मोअर बिगर’ का चालत नाही?

प्रश्न : माझा मुलगा सेमी-इंग्रजी शाळेत नववीत शिकतो. निबंधातील त्याची दोन वाक्ये चुकीची ठरली : ‘मुंबई इज मोअर बिगर दॅन पुणे’ आणि ‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’. पहिल्यातली चूक जाणवते, पण नेमकी सांगता येत नाही. दुसरे तर मला बरोबरच वाटते. कृपया खुलासा करावा.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : मराठीत तुलनेचा भार ‘पेक्षा’वर असतो, ‘मुंबई पुण्यापेक्षा मोठी’ म्हटले की भागते आणि ‘जास्त मोठी’ म्हटले तरी कोणी अडवत नाही. इंग्रजीत ‘दॅन’च्या जोडीला विशेषणाचे रूपही बदलावे लागते, मात्र एकदाच. ‘बिग’, ‘टॉल’ अशा आखूड विशेषणांना ‘अर’ हा प्रत्यय लागतो, तर ‘एक्स्पेन्सिव्ह’सारख्या लांबलचक विशेषणांआधी ‘मोअर’ येते. दोन्ही एकदम वापरल्याची उदाहरणे १६व्या शतकातील इंग्रजीत सापडतात, पण परीक्षेत हा दाखला देऊन गुण मिळणार नाहीत.

दुसऱ्या वाक्यातील दोष व्याकरणापेक्षा तर्काचा आहे. मुंबई स्वतःच महाराष्ट्रात असल्याने ‘एनी सिटी’मध्ये तीही मोजली जाते आणि ती स्वतःहून मोठी ठरते, म्हणून ‘एनी अदर सिटी’ हवे. मुले हे ‘अदर’ पाठ करतात आणि मग सगळीकडे घालतात, हे त्याहून वाईट. १,६४६ मीटर उंचीचे कळसुबाई शिखर महाराष्ट्रातलेच, म्हणून ‘हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ लिहावे. गोव्यातील शिखरांशी तुलना करताना मात्र ‘दॅन एनी पीक इन गोवा’ एवढेच पुरे, कारण कळसुबाई त्यांच्यात मोडतच नाही.

तुलना कशाची कशाशी चालली आहे, हे आणखी एका ठिकाणी तपासावे लागते. ‘द क्लायमेट ऑफ मुंबई इज मोअर ह्यूमिड दॅन पुणे’ या वाक्यात हवामानाची तुलना थेट शहराशी होते. बोलताना हे खपून जाते, पण लेखी उत्तरात ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ असेच हवे.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ हे लॅटिनमधून आलेले शब्द मुळातच तुलनावाचक असल्याने त्यांच्याआधी ‘मोअर’ लावू नये, आणि त्यांच्यापुढे ‘दॅन’ न येता ‘टू’ येते.